कपडा जुना, माप आपलं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वय २४, पुण्यात पहिली नोकरी. रोज ऑफिसला काय घालायचं ही अडचण आहेच, त्यात दीड महिन्यावर मामेबहिणीचं लग्न. हातात तीन हजार रुपये. घरी आजीमागे राहिलेली तीन नऊवारी लुगडी आहेत, आईच्या काही साड्या आहेत आणि बाबा आता वापरत नाहीत ते शर्ट आहेत. बाजारातले किंवा ऑनलाइन थ्रिफ्टवाल्यांकडचे जुने कपडे घ्यावेत का? ते स्वच्छ असतात का? आणि ‘कुणाचं तरी उतरलेलं घातलंय’ असं दिसू नये म्हणून काय करायचं? काकू म्हणून विचारलंस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते.

मी बावीस वर्षं हेच काम करते. लोकांच्या कपाटातलं आणि जुन्या बाजारातलं हाती घेऊन त्यांना शोभेलसं करून देते. सुरुवात शनिवार पेठेतल्या एका शिंप्याकडे उसवायला बसण्यापासून झाली. माझ्या कामाचं मर्म आधीच सांगते: जुना कपडा उतरलेला दिसतो तो जुना असतो म्हणून नाही, तो दुसऱ्याच्या मापाचा असतो म्हणून. खांदा आपल्या खांद्यावर बसला, बाही मनगटाच्या हाडाशी थांबली आणि कुर्त्याची उंची आपल्या पायांना धरून असली, तर तो कपडा कुठून आणला हे कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून तीन हजारांतले हजारच खरेदीला ठेव. दीड हजार शिंप्याला आणि उरलेले पाचशे धुणं, फॉल-पिको, बटणं यांना. जवळजवळ सगळे याच्या उलट करतात. अडीच हजारांचं घेतात, मग अल्टर करायला पैसे उरत नाहीत आणि कपडे कपाटातच राहतात.

बाजाराआधी घरचं बघू, कारण तुझ्याकडे सगळ्यात मोलाची गोष्ट आजीची लुगडी आहे.

तिन्ही लुगडी दिवसाउजेडी खिडकीशी ने. ट्यूबलाइटखाली विरलेलं सूत दिसत नाही. एकेक पूर्ण उलगड आणि दोन्ही हातांनी उजेडापुढे धर. जिथून उजेड जास्त येतो तिथे सूत विरलंय. मग घड्या बघ. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम नेमकं त्या रेघेवर चिरतं. घडीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून अगदी हलक्या हाताने ताण दे. बारीक चरचर ऐकू आली आणि सूत सुटलं, तर ते रेशीम संपलंय. त्याला शिंपी वाचवू शकत नाही, मीही नाही. त्याचे काठ आणि पदर सोडवून घे, बाकीचं राहू दे. ताण सोसला तर कापडात जीव आहे.

आता हिशेब. एक वार म्हणजे ९१ सेंटिमीटर, म्हणजे नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर. सहावारी म्हणून आपण नेसतो ती प्रत्यक्षात साडेपाच मीटर असते. उरतात पावणेतीन मीटर. त्यात एक कुर्ता निघतो, किंवा एक ब्लाउज आणि एक बिनबाह्यांचं जाकीट. एका लुगड्यातून लग्नाला साडी आणि ऑफिसला कुर्ता, आणि खर्च फक्त शिलाईचा.

पण कापायचं कुठून, याचा विचार आधी कर. नऊवारी जास्त झिजते ती काष्ट्याच्या भागात, आणि तो येतो लुगड्याच्या साधारण मध्यावर. पदर सहसा चांगला असतो, आतलं टोकही बरं असतं. मग मधलाच विरलेला भाग काढायचा आणि दोन चांगले तुकडे जोडायचे. आपल्याकडे याला दंड घालणं म्हणतात. पूर्वी घरोघरी बायका दंड घातलेली लुगडी नेसत. तेव्हा ती गरज होती, पण त्यामागचं कौशल्य अस्सल आहे. पदराकडचे चार मीटर घे आणि आतल्या टोकाकडचा दीड मीटर. म्हणजे शिवण आतल्या टोकापासून दीड मीटरवर येते, आणि साडी नेसल्यावर ती निऱ्यांमध्ये लपते. कापताना खडूची रेघ मारू नकोस. आडव्या वाण्यातला एक दोरा सुईने उचलून हळूहळू ओढायचा. कापडात सरळ वाट पडते, त्या वाटेनेच कात्री चालवायची. दोन्ही बाजूंचे काठ एकमेकांना भिडवून तेवढा भाग हाताने शिवून घे. मशीनवर काठ अर्धा सूत तरी सरकतोच. नक्षी सरकली की शिवण ओरडून दिसते, म्हणून या कामाला हातशिलाईच.

आधी फॉल बघ. साडीला जुना फॉल असेल तर तो धुऊन आटलेला असतो आणि खालचा काठ ओढून धरतो. त्यामुळे चांगली साडीही पायाशी चुरगळल्यासारखी दिसते. तो उसवून टाक आणि नवा सुती फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मग लाव. आईच्या साड्यांच्या बाबतीत एवढं केलंस तरी निम्मं काम झालं.

तीनपैकी एखादं लुगडं पैठणी निघालं तर मात्र थांब. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटून बघ. मोर, मुनिया, वेलबुट्टी जशी वरून दिसते तशीच मागूनही दिसते, मागे लोंबते धागे नसतात. तशी असेल आणि अंगात जीव असेल तर तिला कात्री लावू नकोस. कुर्ता, लेहेंगा, पर्स यांसाठी धडधाकट पैठण्या कापल्या जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. पदराचं ते काम विणकराने मागावर एकेक रंगाचा दोरा हाताने फिरवून केलेलं असतं. विरलेल्या जागी मागून त्याच रंगाची नेट लावून घे आणि रफूगराकडे दे. नेसायला जमेल तेव्हा नेस.

जरीचंही सांगते. दारावर ‘जुनी जरीची साडी विकायची का’ म्हणत येणारे लोक कापडासाठी येत नाहीत. जुन्या अस्सल जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची तार गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचा मुलामा असतो. ती साडी जाळून चांदी काढली जाते. देण्याआधी तू स्वतः तपास. फॉलखाली लपलेल्या टोकातून जरीचा एकच धागा काढ आणि नखाने खरवड. खाली पांढरी चमक दिसली तर चांदी, तांबूस दिसली तर तांब्याची जर. आणि जळत्या काडीजवळ नेताच वितळून गोळा झाली, तर ती प्लास्टिकची. काळवंडलेली अस्सल जर वाया गेलेली नसते. तिच्यावर लिंबू किंवा टूथपेस्ट घासायचे सल्ले मिळतील, ते ऐकू नकोस. तो मंद काळसर सोनेरी रंग नव्या जरीला विकत घेऊन येत नाही, आणि साध्या काळ्या किंवा गडद हिरव्या ब्लाउजवर तो फार देखणा दिसतो.

लुगडं इरकल असेल तर ऑफिससाठी तेच काप. इरकलचं इळकल आणि खणांचं गुळेदगुड्ड ही दोन्ही गावं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहेत, पण त्यांच्या कापडाने महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांची कपाटं भरली. इरकलचं अंग साधं, दाट आणि बारीक चौकडीचं असतं, काठ ठळक असतो. कुर्ता शिवताना काठ घेराला लावायची सवय सोड. तो बाहीच्या टोकाला किंवा पुढच्या बटणपट्टीला घे. घेराला काठ आला की ‘साडीचा कुर्ता’ हे लांबूनच कळतं. बटणपट्टीला आला की तो नीट विचार करून शिवलेला वाटतो. खणाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून त्यातून कुर्त्याचा हट्ट नको. आखूड जाकीट कर आणि आत अस्तर लाव.

बाबांच्या शर्टांना तू शेवटी धरलंयस. माझ्या मते ऑफिससाठी तेच पहिले. किनारीवर मिलचं नाव छापलेलं कापड घेऊन शिवलेले असतील तर जपून ठेव. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावातल्या कितीतरी गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. त्या काळातलं चांगलं सुती पॉपलीन हाताला लागलं की मी अजूनही ते दोन बोटांत चोळत उभी राहते. धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, तरी विण घट्ट. टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं सुती कापड, असेल तर इस्त्री लागत नाही हे खरं, पण पुण्याच्या मे महिन्यात ते अंगाला चिकटतं. कळत नसेल तर आतल्या शिवणीतून दोन धागे काढून जाळ. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो.

कॉलर मानेशी झिजलेली असेल तर तो शर्ट फेकू नकोस. जुन्या शिंप्यांना कॉलर उलटवून देता येते. पट्टीतून सोडवतात, उलटी करून पुन्हा बसवतात. आतली न झिजलेली बाजू वर येते आणि शर्ट पुन्हा काही वर्षं चालतो. तुझ्यासाठी करताना खांदा पूर्ण आत घ्यायला लावू नकोस. त्यासाठी बाही काढून मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्याने कापावा लागतो आणि मजुरी कपड्यापेक्षा जास्त होते. खांदा इंचभर उतरलेलाच राहू दे, बाजूच्या शिवणी आत घे, मागे दोन डार्ट, म्हणजे निमुळत्या शिवलेल्या चुण्या, टाक, बाही कोपराखाली दुमडून बटणाने अडकव. साध्या पँटवर तो तुझा स्वतःचा शर्ट होतो.

आता बाजार. घरात एवढं असल्यावर हजार रुपयांत तुला तीन-चार वस्तूच लागतील: एक चांगल्या पडणीची गडद पँट, एक जाकीट, एखादी ओढणी किंवा स्कार्फ, एक पट्टा. हे ठरवून जा. न ठरवता गेलं की स्वस्त मिळतं म्हणून घेतलं जातं.

पुण्यात मंगळवार पेठेजवळ बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. सकाळी लवकर जा, तेव्हा विक्रेत्याकडेही वेळ असतो आणि ऊनही तिरपं असतं. कॅम्पातली किंवा मुंबईत आझाद मैदानासमोरची फॅशन स्ट्रीट ही मात्र वेगळी गोष्ट. तिथला बराचसा माल वापरलेला नसतो, निर्यातीतून उरलेला किंवा नाकारलेला नवा असतो, लेबल कापलेला. तिथे झीज शोधू नकोस, दोष शोध: एक पाय वळलेला, एक काज चुकलेलं, दोन बाह्यांच्या रंगात फरक. बटण-काज दुरुस्त होतं. वळलेला पाय होत नाही, कारण कापड आडवं-तिरपं कापलं गेलंय. पँट दोन्ही शिवणी जुळवून हातात धर आणि खाली लोंबू दे. शिवण पुढे आली तर ठेवून दे.

वापरलेल्या कपड्यात मी ठराविक क्रमाने बघते. आधी काख, मग कॉलर, मग मांडीच्या आतली बाजू, मग चेन, आणि सगळ्यात शेवटी रंग-डिझाइन. रंग आवडला की बाकीचं दिसेनासं होतं, म्हणून तो शेवटी. रेशमावर घामाचा डाग असेल तर तिथलं सूतच कमजोर झालेलं असतं, डाग निघाला तरी कापड फाटतं. कोटाच्या कॉलरवर किंवा छातीवर फुगे आले असतील तर आतलं फ्यूजिंग, म्हणजे चिकटवलेलं ताठ अस्तर, सुटलंय आणि इस्त्रीने ते बसत नाही. इलॅस्टिक ताणल्यावर कुरकुरलं तर ते मेलेलं आहे, पण बदलायला सोपं. रेक्झिनचं जाकीट किंवा पर्स घेऊच नकोस. एकदा पापुद्रे सुटायला लागले की थांबत नाहीत. अंतर्वस्त्रं आणि दुसऱ्याच्या पायाला बसलेले बूटही नकोत.

आत उलटून दाब बघायला विसरू नकोस. बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच कापड दुमडलेलं असेल तर घट्ट कपडाही सोडवता येतो. पण दुमडलेल्या भागाचा रंग बाहेरच्याशी ताडून बघ. बाहेरचा उन्हाने उडालेला असतो, आतला ताजा, आणि सोडवल्यावर दोन्ही बाजूंना गडद पट्टा उठतो. रेशमावर सुईची भोकंही राहतात. कोट-जाकीट असेल तर हे चालवून घेऊ नकोस. कुर्त्याला चालतं, तिथे वरून पट्टी लावता येते.

ऑनलाइन थ्रिफ्टवाल्यांकडून घेताना एस, एम, एल या अक्षरांवर विसंबू नकोस. साइजचे आकडे वर्षांगणिक सैल होत आलेत, जुन्या कपड्यावरचा १२ आजच्या १२ पेक्षा लहान असतो. तुला नीट बसणारा एक शर्ट पलंगावर सपाट पसर आणि काखेपासून काखेपर्यंत, खांद्याच्या टोकापासून टोकापर्यंत, बाही आणि उंची अशी चार मापं लिहून ठेव. विकणाऱ्याकडून हीच चार मापं टेप लावलेल्या फोटोसकट माग. काखेचं माप दुप्पट केल्यावर तुझ्या छातीपेक्षा शर्टाला किमान दोन आणि जाकिटाला चार इंच जास्त भरलं पाहिजे. काख आणि कॉलर जवळून दाखवणारा फोटो मागितल्यावर जो टाळतो, त्याच्याकडून घेऊ नकोस. बहुतेकजण परत घेत नाहीत, तेव्हा विचारायचं ते पैसे पाठवण्याआधी.

स्वच्छतेची काळजी रास्त आहे, पण ती घरी मिटते. बाजारातून आणलेलं पिशवीचं तोंड बांधूनच घरात ने, पलंगावर ठेवू नकोस. सुती कपडे कडकडीत गरम पाण्यात, बाकीचे साबणाच्या पाण्यात अर्धा तास, मग कडक उन्हात उलटे करून. कोट धुता येत नसेल तर ड्राय-क्लीनिंग, आणि शिवणींवरून वाफेची इस्त्री. रेशमाला रिठ्याचं थंड पाणी आणि सावली. कुबट वास दोन दिवस वाऱ्यावर टांगल्याशिवाय जात नाही, अत्तराने तर तो आणखी वाईट होतो. ठेवताना जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळ, वेखंडाची पुरचुंडी टाक, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नकोस आणि दर चार-सहा महिन्यांनी घडी बदल.

‘उतरलेलं’ या शब्दाकडे मी मुद्दाम परत येते, कारण तो तू लिहिलायस आणि तो साधा शब्द नाही. आपल्याकडे कित्येक घरांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घालावे लागले, ते त्यांच्यावर लादलेलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, आणि कपडे फाटके असले तरी स्वच्छ ठेवायला सांगितलं. कपडा कसा घालायचा हा माणूस म्हणून मान मिळण्याचा प्रश्न होता. त्यामुळे तुझ्या आईला किंवा मावशीला बाजारातला वापरलेला कपडा घरात नको वाटला, तर त्यांना मागासलेलं समजू नकोस. त्यांच्याशी वाद न घालता घरातलेच जुने कपडे वापर. आणि दारावर भांडी देऊन कपडे नेणारी बोहारीण आली तर तिच्याशी घासाघीस जरा कमी कर. तिने नेलेले कपडे निवडले जातात, धुतले-शिवले जातात आणि पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढतात. आज ज्याला आपण थ्रिफ्ट म्हणतो ते काम या बायका डोक्यावर बोचकं घेऊन कधीपासून करत आल्यात.

वेशभूषेचं उरलेलं फार थोडं आहे. अंगावर एका वेळी एकच जुनी, बोलकी वस्तू ठेव. खणाचं जाकीट असेल तर खाली साधा कुर्ता, इरकलचा कुर्ता असेल तर ओढणी नको. चेहऱ्याजवळचा रंग आरशासमोर नको, खिडकीजवळ तपास. ज्या रंगाने डोळ्याखालची वर्तुळं वर येतात तो कमरेखाली घाल. सुती कपड्याला हलकी खळ आणि रोज इस्त्री. जुना कपडा चुरगळलेला चालत नाही, नवा एखादे वेळी चालतो. चप्पल आणि पर्स महाग नकोत, पण झिजलेलीही नकोत.

लग्नासाठी दंड घातलेलं आजीचं लुगडं नेस, ब्लाउज उरलेल्या पावणेतीन मीटरमधल्या चांगल्या भागातून शीव, आणि त्यातला विरलेला तुकडा गोधडीसाठी बाजूला ठेव. लग्नसराई सुरू होते आहे, चांगले शिंपी आठवड्याभरात कामं घेणं बंद करतील. लुगडं आजच उलगड आणि परवापर्यंत माप द्यायला जा. जाताना तो नीट बसणारा शर्ट सोबत ने, शिंप्याला तोंडी सांगण्यापेक्षा तो दाखवलेला जास्त कळतो.